दुसऱ्या वर्षाचा भाव पहिल्याच दिवशी सांगा

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.



शिक्रापूर हे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचं गाव, तालुका शिरूर. अलीकडे सणसवाडी, पलीकडे रांजणगाव, दोन्हीकडे कारखाने, आणि चाकणचा फाटा इथूनच फुटतो. त्यामुळे कंटेनरची रांग दिवसरात्र दारावरून सरकत असते. पाबळ चौकाजवळच्या एका गाळ्यात बसून मी छोट्या दुकानांच्या वेबसाइट बांधतो आणि सांभाळतो. मसाले कुटून विकणाऱ्या बायका, दौंडकडचे गुऱ्हाळवाले, एक घोंगडीवाले, एक रोपवाटिका, अशी माझी गिऱ्हाइकं. ज्यांच्यासाठी लिहितो आहे त्यांनाही वाचता यावं, म्हणून पत्र मराठीत आणि उघड लिहितो आहे.

माझ्या टेबलावर या क्षणी कांदा-लसूण मसाल्याचं पाव किलोचं पाकीट आहे. ते करणाऱ्या ताई जवळच्याच गावच्या. पाकिटावर त्यांचं नाव आहे, पूर्ण पत्ता आहे, निव्वळ वजन आहे, पॅकिंगचा महिना आहे, खाद्य परवान्याचा क्रमांक आहे, तक्रारीसाठी फोन आहे. कमाल किंमत आहे आणि तिच्यापुढे ‘सर्व करांसह’ हे शब्द आहेत. ग्रॅमला किती पडले तेही छापलं आहे. अक्षरं किती उंचीची असावीत याचाही नियम आहे, म्हणून पहिल्या खेपेची लेबलं ताईंनी रद्द करून पुन्हा छापून घेतली. त्यांनी याबद्दल कधी कुरकुर केली नाही. घेणाऱ्याला कळायला नको का, एवढंच म्हणाल्या.

आता पाकिटाशेजारचा लॅपटॉप बघा. त्यावर हाच मसाला जिथून विकायचा त्या जागेच्या भाड्याची, म्हणजे वेब होस्टिंगची, जाहिरात आहे. ठळक आकड्यात ‘दरमहा फक्त ९९ रुपये’. शेजारी उलटं घड्याळ चालू आहे: सवलत संपायला दोन तास चौदा मिनिटं. उद्या पान उघडलं तरी ते घड्याळ असंच दोन तासांवरून चालू होईल, हे मी रोज बघतो.

पाव किलो मसाल्यासाठी जेवढं खरं सांगावं लागतं, तेवढं दुकानाची जागा भाड्यानं देणाऱ्यानंही सांगावं, अशी व्यवस्था आपण करावी. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच आहे.

ताईंचा हिशेब आधी मांडतो. त्यांचे यजमान सणसवाडीच्या एका कारखान्यात आहेत. कारखान्यांत कामाला आलेली माणसं इथं भाड्यानं राहतात, मसाल्याची चव लागते, मग बदली होऊन नागपूरला नाही तर सोलापूरला जातात आणि तिथून फोन करतात. फोनवरच्या ऑर्डरी वहीत मावेनाशा झाल्या तेव्हा, २०२३ च्या दिवाळीआधी, ताईंनी वेबसाइट काढायचं ठरवलं. ती मी केलेली नव्हती. ओळखीच्या एका मुलानं आपुलकीनं करून दिली.

९९ रुपये महिना म्हणजे वर्षाचे १,१८८, असं ताईंनी मनात धरलं होतं. पैसे भरायच्या पानावर गेल्यावर समजलं की ९९ चा भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्याला. एकाच वर्षाचे भरायचे तर महिन्याला १९९. त्याचे झाले २,३८८. खाली ‘रोजचा बॅकअप’ आणि ‘वेबसाइट सुरक्षा’ अशा दोन चौकटींत आधीच खूण केलेली होती, त्यांचे १,२००. वर १८ टक्के जीएसटी. बँकेतून गेले ४,२३४ रुपये. सणाच्या तोंडावर कोण मागे फिरणार? त्यांनी भरले.

दुसऱ्या वर्षी, पुन्हा ऐन दिवाळीच्या तोंडावर, बिल आलं. होस्टिंग महिन्याला ४४९. पहिल्या वर्षी ‘मोफत’ म्हणून मिळालेलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, आता १,०९९ ला. खूण केलेल्या चौकटी तशाच. करासह ९,०७१ रुपये. ताईंना एका किलोमागे खर्च वजा जाता साठेक रुपये सुटतात. म्हणजे दीडशे किलो मसाला त्यांनी केवळ जागेच्या भाड्यासाठी भाजला आणि कुटला. मिरचीचा खाट नाकातोंडात जात असताना दीडशे किलो म्हणजे काय, हे ज्यानं एकदा डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, उभं राहून पाहिलं आहे त्यालाच कळेल.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. हा भाव लावण्याचा रिवाजच पडला आहे. आणि न्यायानं बोलायचं तर बऱ्याच जणी नूतनीकरणाचा भाव कुठंतरी लिहितात. पण ९९ चा आकडा हाताच्या पंजाएवढा, आणि ४४९ चा राखाडी अक्षरांत, पांढऱ्यावर. ताईंच्या लेबलावर अशी अक्षरं चालली नसती.

मी पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलो. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. काम करता करता शिकायचं ही तिथली पद्धत, आणि एखादी वस्तू हातानं बनवली की तिचा खर्चही आपणच काढायचा. पत्रा किती गेला, रॉड किती जळले, मजुरीचे तास किती. ती सवय अजून सुटलेली नाही. म्हणून कुणी होस्टिंगची जाहिरात घेऊन आलं की मी पाच वर्षांचा हिशेब मांडतो: साठ महिन्यांत एकूण किती द्यावे लागतील, आणि त्याला साठानं भागलं तर महिन्याचे किती.

वरचाच भाव घ्या. चार वर्षांचे एकदम भरणाऱ्याचे ४,७५२, आणि पाचव्या वर्षी ४४९ नं ५,३८८. साठानं भागलं की महिन्याला १६९. दरवर्षी थोडेथोडे भरणाऱ्याचे पहिल्या वर्षी २,३८८ आणि पुढची चार वर्षं ५,३८८ प्रमाणे. भागून महिन्याला ३९९. कर आणखी वेगळा. जाहिरात एकच, आकडा एकच, जागा एकच. ज्याच्या गाठीला चार वर्षांचे पैसे आहेत त्याला १६९ आणि ज्याच्या नाहीत त्याला ३९९. जास्त घेतलं जातं ते नेमकं कमी असलेल्याकडून. आणि नव्या दुकानानं चार वर्षांचं भाडं आगाऊ भरावं कसं? पहिल्या दोन वर्षांत बंद पडणारी दुकानं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुकान बंद झालं की उरलेल्या वर्षांचे पैसे गेले. ‘तीस दिवसांत पैसे परत’ असं लिहिलेलं असतं खरं, पण त्यातून डोमेनचे पैसे बहुधा वगळलेले असतात.

याउलट सुरुवातीलाच १८० सांगणारी, दुसऱ्या वर्षीही १८०च घेणारी एखादी कंपनी असते. ती जाहिरातीत ९९ च्या शेजारी महाग दिसते. पाच वर्षांत ती वर्षाला भरणाऱ्याला निम्म्याहून स्वस्त पडते, पण तिच्याकडे कुणी वळत नाही. सरळ भाव सांगणाऱ्याचंच यात नुकसान होतं. ग्राहकाच्या नुकसानीइतकंच मला हेही लागतं.

महोदय, आपण ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ना, म्हणजे पडद्यावरच्या फसव्या मांडणीला, आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. तेरा प्रकार नावानिशी सांगितलेत. खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, टप्प्याटप्प्यानं वाढत जाणारी किंमत, सुटता न येणारी वर्गणी हे सगळे त्यात आहेत. सॉफ्टवेअरच्या सेवांची वसुली ग्राहकाच्या नकळत पुन्हा पुन्हा होत राहणं हाही एक वेगळा प्रकार आपण नोंदवलात. ही यादी मी छापून भिंतीवर लावली आहे. भारतात पद्धतशीरपणे सेवा देणाऱ्या सगळ्या मंचांना हे लागू होतं, हेही त्यात स्पष्ट आहे, मग कंपनी परदेशातली का असेना. जून २०२५ मध्ये आपण ई-कॉमर्स मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलंत.

जाहिरातीतली उलटी चालणारी घड्याळं आणि ताईंच्या बिलातल्या आधी खूण केलेल्या चौकटी त्या यादीत सरळ बसतात. अडतं ते नूतनीकरणाच्या भावाशी. कंपनी म्हणेल, आम्ही लिहिलं होतं, बारीक का होईना. पुढच्या वर्षीचा भाव पहिल्या वर्षीच्या भावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, करासह, एकूण वर्षाच्या रकमेत लिहिला पाहिजे, असं एक वाक्य त्या तत्त्वांत नाही. ते घाला. ‘दरमहा’ हा शब्द महिन्याला पैसे घेणाऱ्यालाच वापरता यावा. चार वर्षांचे एकदम घेणाऱ्यानं ‘४८ महिन्यांचे ५,६०७ रुपये, सर्व करांसह, त्यानंतर वर्षाला ६,३५८’ असं लिहावं. बिस्किटाच्या पुड्याला जमतं ते यांनाही जमेल.

यातच एक गाठ आहे आणि ती मला सगळ्यात जास्त सतावते. ताई ग्राहक आहेत की व्यापारी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळली आहे. मात्र पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. शिवणयंत्र घेणारी शिंपीण ग्राहक ठरते ती त्या सुटीमुळे. पण स्पष्टीकरणात शब्द आहेत ‘विकत घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तू’ असे. जुन्या १९८६ च्या कायद्यात, दुरुस्तीनंतर, वस्तूंबरोबर ‘घेतलेल्या सेवा’ असेही शब्द होते. नव्या कायद्याच्या त्या ओळीत ते दिसत नाहीत. होस्टिंग ही सेवा आहे. म्हणजे ताईंनी डंख विकत घेतला आणि तो सदोष निघाला तर त्या ग्राहक, आणि त्याच डंखावरचा मसाला विकायला जागा भाड्यानं घेतली तर समोरचा वकील म्हणू शकतो की तुम्ही व्यापारी. दोन्ही पैसे एकाच डब्यातले आहेत. केंद्र सरकारच्या मंत्रालयांना ग्राहकहिताचा सल्ला देणं हे आपल्या प्राधिकरणाच्या कामातच लिहिलेलं आहे. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या सेवाही त्या सुटीत पुन्हा याव्यात, असा सल्ला आपण द्यावा.

आपल्याकडच्या ग्राहक चळवळीचं एक मूळ पुण्यात आहे. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत १९७४ मध्ये इथंच उभी केली, आणि पुढं २४ डिसेंबर १९८६ ला कायदा झाला. त्या काळी ग्राहक आणि दुकानदार समोरासमोर होते, काउंटर मध्ये होता. आता आमच्या ताई काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभ्या आहेत.

दौंड तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्यांचीही गोष्ट सांगायला हवी, कारण तिथं भाव वेगळ्या रीतीनं लपला होता. ते सेंद्रिय गूळ आणि काकवी विकतात. त्यांनी ‘अमर्याद जागा, अमर्याद भेटी’ असलेला प्लॅन घेतला. अमर्याद म्हटल्यावर पुन्हा विचारायचं काय? संक्रांतीच्या आठवड्यात लोक गुळावर तुटून पडले आणि साइटवर ५०८ क्रमांकाची पाटी झळकली: साधनांची मर्यादा संपली. त्यांनी मला फोन केला तेव्हा ते खरोखर गोंधळलेले होते. अमर्याद घेतलं, मग मर्यादा आली कुठून?

जागा अमर्यादच होती. पण दुकानाला जागा लागते किती? पंचवीस जिनसा, प्रत्येकीचे चार फोटो, फोटो नीट लहान केला तर दीडशे केबीचा. सगळे मिळून पंधरा एमबी. मोबाइलवरच्या एका छोट्या व्हिडिओएवढे. वेबसाइटच्या दुकानाला जागा कमी लागते, ताकद जास्त लागते. नुसतं पान बघणाऱ्याला साठवलेली प्रत दाखवता येते, पण टोपलीत गूळ टाकून पैसे भरणाऱ्या प्रत्येकासाठी सर्व्हरला नव्यानं काम करावं लागतं. त्या वेळी किती मेमरी, किती प्रोसेसर, एकाच वेळी किती कामं, एकूण किती फायली, या चार गोष्टींना मर्यादा असते. प्रत्येक शेअर्ड प्लॅनला असते. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं असतात, चाळीतल्या एका नळासारखी. मर्यादा घालावीच लागते आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते ‘अमर्याद’ लिहिणं आणि मर्यादा अटींच्या पानावर तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवणं. जिथं मर्यादा आहे तिथं ‘अमर्याद’ हा शब्द दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत धरावा. त्यासाठी नवा नियमसुद्धा लागणार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ खाली दहा लाखांपर्यंत दंडाचे अधिकार आपल्याकडे आज आहेत.

‘९९.९ टक्के चालू’ या शब्दांबद्दलही तेच. वर्षाचे ८,७६० तास. त्याचा हजारावा भाग पावणेनऊ तास. ते पावणेनऊ तास संक्रांतीच्या आदल्या दिवशी आले तर? भरपाई म्हणून बहुतेक ठिकाणी त्या महिन्याच्या भाड्यातलेच काही रुपये वळते होतात. गुळाच्या ढेपा तशाच राहतात.

गिऱ्हाइकांना मी काय सांगतो तेही थोडक्यात लिहितो, म्हणजे आपल्याला आमच्या गरजेचा अंदाज येईल. पहिलं वर्ष होस्टिंग घेऊच नका, असं मी बहुतेकांना सांगतो. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, यूपीआयचा क्यूआर कोड छापलेला आहे, जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, लागत नाही. दिवसाला पाच-सात ऑर्डरी बाहेरगावहून येऊ लागल्या की मग वेबसाइट. एखादा माझ्याकडून उठून जातो आणि दुसऱ्याकडून करून घेतो, चालायचंच.

वेबसाइट घ्यायची तर सर्व्हर मुंबईत किंवा निदान भारतात असावा. शिक्रापूरहून मुंबईच्या सर्व्हरला विचारून उत्तर यायला पंधरा-वीस मिलिसेकंद लागतात, अमेरिकेतल्या सर्व्हरला दोनशेच्या वर. एका पानासाठी अशी विचारणा कित्येकदा होते. चौकातल्या टॉवरवर संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर जी गर्दी होते, त्यात हा फरक पान उघडण्यात आणि कंटाळून बंद करण्यात दिसतो. सुरक्षेचं प्रमाणपत्र विकत घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून ते सगळ्यांना फुकट देते, आणि होस्टिंगवाला ते आपोआप चढवू शकतो. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रमाणपत्र नसलेल्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असं लिहितो, त्या भीतीवर हजार-दोन हजार रुपयांना तेच प्रमाणपत्र अजून विकलं जातं. बॅकअप कंपनीवर सोडू नका. आठवड्यातून एकदा प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात नाही, घरी ठेवा. आणि होस्टिंग ऐन हंगामाआधी घेऊ नका, आषाढात घ्या. दरवर्षी नूतनीकरण त्याच तारखेला येतं. दिवाळीआधी घेतलं तर बिल कायम दिवाळीआधीच येणार, जेव्हा कच्च्या मालात सगळे पैसे अडकलेले असतात आणि नाही म्हणायला वेळ नसतो.

पण यातलं एकही शहाणपण ताईंच्या कामी आलं नाही, कारण त्यांची खरी अडचण नावाची होती. डोमेन त्या आपुलकीच्या मुलाच्या खात्यावर होतं, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइलवर. त्यात त्याचं काही वाईट मनात नव्हतं. ताईंचा ईमेल नव्हता म्हणून त्यानं स्वतःचा टाकला. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला. सूचना जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर. ताईंनी दुसऱ्या, स्वस्त कंपनीकडे जायचं ठरवलं तेव्हा समजलं की पाकिटावर छापलेलं, लेबलावर मिरवलेलं दुकानाचं नाव कागदोपत्री त्यांचं नाहीच. डॉट कॉमसारख्या नावाची मुदत टळली की काही दिवस ते नाव नेहमीच्या नूतनीकरणाच्या भावात मिळतं, मग तीस दिवस जबर दंड भरून सोडवावं लागतं, मग पाच दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं. तो मुलगा सापडला, आला, खाली मान घालून बसला आणि सगळं ताईंच्या नावावर करून दिलं. तोवर मुदत टळून अकरा दिवस साइट बंद होती. नागपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, मसाला करणं सोडलं का हो?

गॅसची जोडणी, विजेचं मीटर, मोबाइलचं सिम, यांतलं काहीही दुसऱ्याच्या नावावर निघताना कुणीतरी हटकतं. दुकानाचं नाव मात्र कुणाच्याही नावावर निघतं. म्हणून दुसरी विनंती: होस्टिंग आणि डोमेन विकताना ‘हे दुकान कुणाचं?’ हा प्रश्न विचारणं आणि मालकाचा स्वतःचा मोबाइल नोंदवणं सक्तीचं करा. नूतनीकरणाची सूचना, रकमेसह, साठ दिवस आधी त्या मोबाइलवर साध्या एसएमएसनं यावी, ग्राहकानं निवडलेल्या भाषेत. आपोआप पैसे कापायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं चोवीस तास आधी कळवावं लागतं, तेवढी सोय आहे. पण चोवीस तासांत दुकान हलवता येत नाही. फायली उतरवायच्या, नव्या ठिकाणी चढवायच्या, नावाचा रोख बदलायचा, ईमेल तपासायचे, याला मला चार दिवस लागतात आणि मी हे रोज करतो.

हलवण्याची वाटही मोकळी असावी. डोमेन दुसरीकडे नेण्याचा कोड मागितल्यावर मिळायला हवा, त्यासाठी कुणाच्या विनवण्या करायला लागू नयेत. दुकानाच्या सगळ्या फायली आणि ऑर्डरींची यादी एका बटणात उतरवता यावी. भाडेकरूनं खोली सोडताना आपली भांडी बरोबर नेली तर घरमालक अडवत नाही.

ताईंना मी एवढंही सांगितलं की १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि नव्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो की परदेशातली, खटला पुण्यात चालू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. त्यांनी विचारलं, एका दिवसाचा मसाला सोडून पुण्याला किती फेऱ्या? आयोगाची दारं मुख्यतः एकेकट्या तक्रारीसाठी आहेत. एकाच रिवाजानं हजारोंना थोडाथोडा भुर्दंड पडतो तेव्हा काय करायचं, यासाठीच २०२० मध्ये आपलं प्राधिकरण स्थापन झालं. म्हणून आयोगाकडे न जाता मी आपल्याकडे आलो आहे.

मी सांभाळतो त्या दुकानांची एक वही माझ्याकडे आहे. चार रकाने: दुकानाचं नाव, मुदत संपण्याची तारीख, या वर्षी भरले ते, पुढच्या वर्षी भरायचे ते. ताईंचं दुकान आता सुरुवातीलाच खरा भाव सांगणाऱ्या एका कंपनीकडे हलवलं आहे. मुदत आषाढात आहे आणि त्यांच्या ओळीत चौथा रकाना भरलेला आहे. गुऱ्हाळवाल्यांचाही भरला. बाकी बऱ्याच ओळींत तो भरता आलेला नाही. मी ईमेल लिहिले, चॅटवर विचारलं, फोनवर थांबलो. ‘त्या वेळचा भाव त्या वेळी कळेल’ असं उत्तर मिळालं.

वहीच्या त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. दुकानांची आणि कंपन्यांची नावं झाकली आहेत. रिकामे रकाने तसेच ठेवले आहेत.

कळावे,
आपला नम्र,
छोट्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळणारा एक कारागीर
शिक्रापूर, ता. शिरूर, जि. पुणे